निर्णय आपला, शरीर लेकराचे
(धर्मग्रामातील एका दाम्पत्याकडून)



एक मार्ग चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर चांगल्या मार्गाने जाणे कठीण असते, पण तो कोणता हे तरी ठाऊक असते. पाप आणि पुण्य यांतला फरक आपल्याला पहिल्या कम्युनियनच्या तयारीतच शिकवला जातो. पण दोन्ही मार्ग चांगले असले, दोन्हींत थोडा धोका असला, आणि तो धोका आपल्याला नव्हे तर आपल्या लहान लेकराला सोसावा लागणार असला, तर आईवडिलांनी काय पाहून ठरवावे? देवाची इच्छा कोणती, हे अशा वेळी कसे ओळखावे? आणि ठरवल्यानंतर विपरीत घडले, तर तो दोष कोणाचा?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि त्याच्या शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून आहे. एक्स-रेची मोठी पाकिटे काखेत धरून, कडेवर मूल घेऊन उभे असलेले आईबाप आपण रोज बसथांब्यावर पाहतो. त्यांतल्या कितीजणांना डॉक्टरांनी आत सांगितलेले असते की, 'दोन्ही करता येईल, तुम्ही विचार करून सांगा.' हे वाक्य ऐकायला सौम्य वाटते. रात्री झोप उडवते ते हेच.

आम्ही एकाच आजाराविषयी लिहिणार आहोत. तो जीवघेणा नाही, म्हणून त्यावर प्रवचन होत नाही आणि त्यासाठी कोणी प्रार्थनासभा ठेवत नाही. मुलांच्या डॉक्टरांकडे त्याला 'रिफ्लक्स' म्हणतात.

लघवी मूत्रपिंडात तयार होते आणि मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ आत येत नाही. तिरकी, थोडे अंतर कापून येते. मूत्राशय भरले की भिंतीच्या दाबाने ती वाट आपोआप मिटते आणि लघवी वर जात नाही. निर्मात्याने केवढा विचार करून ही झडप घडवली आहे, असे ते चित्र पाहताना वाटते. काही बाळांत भिंतीतला हा तिरका भाग जन्मतःच आखूड असतो. मग लघवी उलटी वर चढते. ती स्वच्छ असेल तर बहुधा काही बिघडत नाही. तिच्यात जंतू असले तर ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात, थंडी वाजून ताप येतो, आणि ताप गेल्यावर कधी कधी मूत्रपिंडावर व्रण राहतो. तो व्रण पुसला जात नाही. असे व्रण वाढत गेले तर पुढील आयुष्यात रक्तदाब वाढू शकतो, आणि थोड्या मुलांच्या बाबतीत मूत्रपिंड कमजोर होते.

आता यातली दिलासा देणारी गोष्ट. मूल वाढते तसा तो आखूड भागही लांबतो. रिफ्लक्सच्या पाच श्रेणी मानतात. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा बहुतेक मुलांत आपोआप जातो. चौथ्या-पाचव्या श्रेणीत ती आशा बरीच कमी असते. म्हणजे हा आजार असा आहे की, थांबले तर तो स्वतःहून बरा होऊ शकतो, आणि थांबले तर तेवढ्यात नुकसानही होऊ शकते. निर्णयाची अडचण नेमकी येथे आहे.

डॉक्टरांचे मतही या बाबतीत एकाच जागी राहिलेले नाही. १९६० साली हॉडसन आणि एडवर्ड्स या डॉक्टरांनी रिफ्लक्स आणि मूत्रपिंडावरील व्रण यांचा संबंध दाखवला. त्यानंतर ऑपरेशनकडे ओढा वाढला. मूत्रवाहिनी सोडवून मूत्राशयात नव्या, लांब वाटेने बसवायची. १९७५ साली कोहेन यांनी सांगितलेली पद्धत आजही वापरली जाते, आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांत रिफ्लक्स थांबतो. मग १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने ऑपरेशन आणि रोजचे औषध यांची तुलना केली. तापाचे संसर्ग ऑपरेशन झालेल्या मुलांत कमी होते, पण मूत्रपिंडावरील नव्या व्रणांत फरक आढळला नाही. १९८४ साली डब्लिनचे डॉ. बॅरी ओडॉनेल आणि मूळचे भारतीय डॉ. प्रेम पुरी यांनी तिसरा मार्ग दाखवला. दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी इंजेक्शन देऊन तेथे उंचवटा करायचा, की झडप मिटते. पोटावर टाका पडत नाही. मात्र यश ऑपरेशनइतके पक्के नाही, आणि काहींना ते पुन्हा द्यावे लागते.

रोजच्या औषधाचे म्हणाल, तर २०१० साली स्वीडनमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या लहान मुली होत्या. रोज थोडे अँटिबायोटिक घेणाऱ्या ४३ मुलींपैकी ८ जणींना पुन्हा तापाचा संसर्ग झाला. नुसते लक्ष ठेवलेल्या ४२ पैकी २४ जणींना झाला. २०१४ साली अमेरिकेतील ६०७ मुलांच्या अभ्यासात औषधाने पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले, पण मूत्रपिंडावरील व्रण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. शिवाय औषध घेणाऱ्यांना जेव्हा पुन्हा संसर्ग झाला, तेव्हा बहुतेकांचे जंतू त्या औषधाला न जुमानणारे निघाले. २०२३ साली, अजून एकदाही संसर्ग न झालेल्या तान्ह्या बाळांचा अभ्यास आला. त्याचाही कौल साधारण असाच होता. संसर्ग कमी झाले, व्रणांत फरक नाही.

वाचकहो, एवढे आकडे दिले ते कोणाला डॉक्टर करण्यासाठी नव्हे. आम्हीही डॉक्टर नाही, आणि कोणत्या मुलाला काय लागेल हे त्याला तपासणारेच सांगू शकतात. पण 'मोठ्या डॉक्टरांना विचारा, ते सांगतील ते बरोबर' एवढ्यावर आईवडिलांची जबाबदारी संपते, असे आपल्याकडे मानतात, आणि येथे ते पुरत नाही. मोठे डॉक्टरच प्रामाणिकपणे सांगतात की, या मधल्या श्रेणीत कोणताही एक मार्ग सर्वांसाठी श्रेष्ठ ठरलेला नाही.

आमच्या मुलीला हा आजार असल्याचे २०१७ साली कळले. ती साडेतीन वर्षांची होती, दोनदा मोठा ताप येऊन गेला होता. एका बाजूला तिसरी श्रेणी, दुसऱ्या बाजूला चौथी, आणि डाव्या मूत्रपिंडावर एक लहान व्रण. डॉक्टरांनी तिन्ही मार्ग समजावले. पंधरा दिवस आमच्या घरात दोन पक्ष होते. एकाचे म्हणणे, एकदाचे ऑपरेशन करून मोकळे व्हावे, रोजची टांगती तलवार नको. दुसऱ्याचे म्हणणे, जे वयाबरोबर जाऊ शकते त्यासाठी एवढ्याशा पोटावर सुरी कशाला? नातेवाइकांनी दोन्ही पक्षांना भरपूर कुमक पुरवली. आजी सुरीच्या विरुद्ध, गिरगावची मावशी औषधांच्या विरुद्ध. थोड्या दिवसांनी आमच्या लक्षात आले की, आम्ही दोघे मुलीविषयी बोलतच नव्हतो. एक जण आपल्या सुरीच्या भीतीविषयी बोलत होता आणि दुसरा आपल्या तापाच्या भीतीविषयी. आईबापाच्या भीतीला प्रेमाचा वेष चटकन चढतो.

आम्ही फादरांकडे गेलो तेव्हा मनात अशी इच्छा होती की, त्यांनी प्रार्थना करून एक मार्ग सांगावा. त्यांनी तसे काही सांगितले नाही. 'देवाने तुम्हाला आईबाप केले आहे, मला नाही,' असे म्हणून त्यांनी आम्हाला वाचायला दिले ते पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेले भाषण.

ते भाषण मरणासन्न रुग्णाविषयी आहे. जीव टिकवण्यासाठी माणूस कोणते उपाय करण्यास बांधलेला आहे, आणि कोणते उपाय नाकारले तर पाप नाही, हा त्यातला प्रश्न. आमची मुलगी तर अंगणात पळत होती. पण पोप महोदयांनी तेथे एक गोष्ट सांगितली आहे, ती आमच्या कामाची होती. कोणता उपाय नेहमीचा आणि कोणता असाधारण, हे व्यक्ती, जागा, काळ आणि परिस्थिती पाहून ठरते. उपाय एकच असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ५ मे १९८० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने काढलेल्या निवेदनातही उपायाचे स्वरूप, त्यातला धोका, खर्च, आणि रुग्णाचे शारीरिक व मानसिक बळ यांचा मेळ अपेक्षित लाभाशी घालावा, असे सांगितले आहे. खर्चाचा विचार करणे म्हणजे लेकरावर प्रेम कमी असणे नव्हे, हे ख्रिस्तसभा स्वतः म्हणते, याने पुष्कळ आईवडिलांच्या मनावरचे ओझे उतरावे. इंजेक्शनमधला पदार्थ परदेशातून येतो आणि महाग पडतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही.

'जागा' या शब्दाचा अर्थ आम्हाला रुग्णालयाच्या बाकावर कळला. शेजारी सिंधुदुर्गातून आलेले एक जोडपे होते. त्यांच्या मुलाच्या रिफ्लक्सची श्रेणी आमच्या मुलीसारखीच, वयही जवळपास तेच. त्यांनी ऑपरेशन ठरवले होते. आमच्या घरापासून रुग्णालय वीस मिनिटांवर; ताप चढला की त्याच रात्री लघवीची तपासणी होऊ शकते. त्यांच्या वाडीतून तपासणीच्या जागी पोहोचायलाच अर्धा दिवस जातो, आणि पावसात त्याचीही खात्री नाही. रिफ्लक्समध्ये तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत औषध सुरू होणे फार महत्त्वाचे असते. मग त्यांच्यासाठी थांबणे हा आमच्याइतका सुरक्षित मार्ग नव्हताच. तोच आजार, तीच श्रेणी, आणि तरी त्यांचे ऑपरेशन योग्य व आमचे थांबणेही योग्य. नीतीचे नियम सर्वांना सारखे असतात हे खरे, पण 'लेकराचे भले करा' हा सारखा नियम परळमध्ये एक रूप घेतो आणि कोकणातल्या वाडीत दुसरे. याला कोणी सोयीस्कर नीती म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. सर्वांना एकच कपडा घालणारा शिंपी न्यायी ठरत नाही.

आम्ही थांबण्याचे ठरवले. पण थांबणे म्हणजे काय, याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण येथे श्रद्धाळू माणसांची गल्लत होते.

'देवावर भार टाकला आहे' असे आपण म्हणतो. माहीमला बुधवारची नोव्हेना आम्हीही केली, आणि वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे बाळ वाहिले. मूत्रपिंड काही तेथल्या दुकानांत दिसले नाही. यात गैर काहीच नाही. पण भार टाकणे आणि अंग काढून घेणे यांत फरक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी देवाची परीक्षा पाहण्याच्या पापाविषयी लिहिताना म्हटले आहे की, जे आपल्या हाताने करता येते ते न करता देवाकडून सुटकेची अपेक्षा ठेवणे हे त्या पापात मोडते. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायातही प्रार्थना आणि वैद्य यांना एकमेकांसमोर उभे केलेले नाही. प्रार्थना कर, आणि वैद्यालाही येऊ दे, कारण तोही देवानेच दिला आहे, असा त्याचा भाव आहे. नवस बोलल्यावर औषध बंद करणारे आईवडील आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला शंका नाही, पण त्यांनी श्रद्धेकडून जे काम मागितले ते श्रद्धेचे नव्हे.

रिफ्लक्समध्ये थांबणे म्हणजे रोज रात्री मोजून औषध, एकही रात्र न चुकवता, मूल छान खेळत असतानाही. सणासुदीला, गावी गेल्यावर, नाताळच्या रात्रीच्या मिस्साहून उशिरा आल्यावरसुद्धा. थांबणे म्हणजे दर दोन-अडीच तासांनी मुलीला लघवीला बसवणे, घाई न करता. थांबणे म्हणजे पोट साफ राहील याकडे लक्ष. बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबवणे या दोन सवयींनी संसर्ग वाढतात. प्रत्येक तापात 'साथ आली असेल' असे न म्हणता लघवी तपासणे. वेळच्या वेळी सोनोग्राफी, वर्षाकाठी रक्तदाब. एवढे करायला जे घर तयार नाही त्या घराने थांबण्याचा मार्ग निवडला असे म्हणता येणार नाही. तेथे काहीच निवडलेले नसते.

आणि हे सारे करते कोण? बहुतेक घरांत आई. ऑपरेशन नको म्हणणारे वडील, काका, आजी निर्णयात पुढे असतात आणि रात्री अकरा वाजता झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजताना आई एकटी असते. म्हणून आमचे मत असे की, ज्याला भार उचलायचा आहे त्याचा शब्द निर्णयात अधिक वजनाचा असावा, किंवा भार तरी वाटून घ्यावा. आमच्या घरी सोमवार ते गुरुवार एक आणि शुक्रवार ते रविवार दुसरा, अशी वाटणी कॅलेंडरवर लिहिली होती. प्रेमाचे वेळापत्रक करावे लागते याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

संत थॉमस यांनी विवेकाविरुद्धचे दोष सांगितले आहेत. त्यांत घाई आहे, विचार न करणे आहे, ठरवलेले टिकवून न धरणे आहे, आणि हयगय आहे. आजारी मुलाच्या आईवडिलांना लागू पडणारे याहून नेमके शब्द आम्हाला सापडले नाहीत. विशेषतः तिसरा. निर्णयाच्या दिवशी आपण सारे शहाणे असतो. आठ महिने ताप नसला की बाटली संपल्यावर दुसरी आणायला उशीर होतो.

टिकवून धरण्यासाठी आम्हाला एका गोष्टीचा उपयोग झाला. निर्णय घेतला त्याच दिवशी, डोके शांत असताना, तो कधी बदलायचा हेही आम्ही डॉक्टरांना विचारून फाईलच्या मागे लिहून ठेवले. औषध चालू असताना जंतूंसह पुन्हा ताप आला, किंवा स्कॅनमध्ये नवा व्रण दिसला, तर ऑपरेशन. त्यामुळे प्रत्येक शिंकेला सारी चर्चा पहिल्यापासून करावी लागली नाही, आणि 'अजून थोडे थांबू' ही वाट मोकळी राहिली नाही.

एक बाब आणखी, जिच्याविषयी निर्णयाच्या गडबडीत कोणी बोलत नाही. या आजारात मुलांना एक तपासणी करावी लागते, तिला एमसीयू म्हणतात. लघवीच्या जागेतून नळी घालून मूत्राशयात औषध भरतात आणि मूल लघवी करत असताना एक्स-रे काढतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात दुखण्यापेक्षा लाज आणि भीती अधिक वाटते. 'काही होणार नाही, डॉक्टरकाका फक्त फोटो काढणार' असे सांगून मुलाला आत नेणारे पालक आम्ही पाहिले. हे खोटे आहे. लहान मुलाशी खोटे बोलणे हे खोटे मोजायचे नाही, असा आपल्याकडे एक मूक करार आहे. आम्ही मुलीला बाहुली घेऊन खरे ते सांगितले: नळी घालतील, थोडे झोंबेल, आई हात धरून ठेवील, मग संपेल. ती रडलीच. पण बाहेर आल्यावर 'तू सांगितले तसेच झाले' असे म्हणाली. निर्णयात तिला मत नव्हते. तेवढ्या वयाला ते देताही येत नाही. पण तिच्या शरीराचे काय होणार आहे, हे तिच्यापासून लपवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता? आईवडिलांची सत्ता ही ठेव आहे, मालकी नव्हे, आणि ठेवीचा हिशेब ज्याची ठेव त्याला द्यावा लागतो.

अकरा महिन्यांनी, २०१८ च्या पावसाळ्यात, औषध चालू असताना मुलीला ताप आला. लघवीत जंतू निघाले, आणि ते त्या औषधाला दाद न देणारे होते. फाईलच्या मागे लिहिले होते त्याप्रमाणे पावसाळा सरल्यावर ऑपरेशन झाले. ते नीट पार पडले. नंतरच्या स्कॅनमध्ये नवा व्रण दिसला नाही.

मग आली ती बोलणी. 'आधीच केले असते तर लेकराचा तो ताप तरी वाचला असता.' 'तुम्ही उगीच थांबलात.' बोलणारी माणसे प्रेमाचीच होती. याच सुमारास आमच्या ओळखीच्या एका गिरगावच्या कुटुंबातील मुलाचा रिफ्लक्स पाचव्या वर्षी आपोआप गेला. त्यांनीही आमच्यासारखेच औषध देत थांबायचे ठरवले होते, तितकीच काळजी घेतली होती. त्यांना सगळे म्हणाले, 'केवढी तुमची श्रद्धा! ऑपरेशनला नाही म्हणालात, आणि देवाने ऐकले.' एकाच निर्णयासाठी एका घराला दोष आणि दुसऱ्याला शाबासकी. फरक कशात होता? दोन्ही घरांच्या वागण्यात तर नव्हता. एका मुलाच्या मूत्राशयाची भिंत थोडी लवकर वाढली, एवढेच.

संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. या प्रसंगावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण ती बहुधा आंधळ्याला मिळालेल्या दृष्टीवर असतात. त्या आईबापांचे काय झाले असेल, असे आम्हाला हल्ली वाटते. मुलगा मोठा होईपर्यंत किती वर्षे त्यांनी शेजाऱ्यांच्या नजरेत हा प्रश्न वाचला असेल! शिष्यांचा प्रश्न आजही संपलेला नाही. फक्त 'पाप' या शब्दाऐवजी आता 'चूक' म्हणतात. गरोदरपणात काही खाल्ले का, लंगोट वेळेवर बदलले नाहीत का, ऑपरेशनला उशीर केला का. रिफ्लक्स पुष्कळदा कुटुंबात असतो. ज्या मुलाला तो आहे त्याच्या भावंडांची तपासणी केली तर साधारण चारांतल्या एकात सापडतो. तो कोणाच्या खाण्याने किंवा आळसाने होत नाही. पण दोषाची जागा रिकामी राहू नये, असे माणसाच्या मनाला वाटते. दोषी सापडला की जग पुन्हा समजण्यासारखे होते.

निकालावरून निर्णयाची पारख करणे हे आम्हाला अन्यायाचे वाटते, आणि त्याहून पुढे जाऊन, श्रद्धेला घातक वाटते. कारण मग ज्याचे मूल बरे झाले त्याची प्रार्थना खरी, आणि ज्याचे झाले नाही त्याची खोटी, असा अर्थ निघतो. रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर महिनोन्‌महिने राहिलेल्या आईला हे कोणी तोंडावर सांगू शकेल काय?

कोणी म्हणेल, मग काय, हेतू चांगला असला की काहीही केलेले चालते? नाही. न विचारता केले, न ऐकता केले, ठरवून सोडून दिले, तर त्याचा जाब आहे, आणि मूल सुदैवाने बरे झाले तरी तो जाब आहे. महिनोन्‌महिने औषध चुकवणाऱ्या घरातील मूलही कधी कधी सुखरूप राहते. त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. त्या हयगयीचे मात्र नव्हे. पाहायचे ते एवढेच की, त्या दिवशी जे कळण्यासारखे होते ते कळून घेतले का, लेकराचा भार लेकराच्या मापाने मोजला का, आणि जे पत्करले ते पार पाडले का. पुढचे कळणे आपल्या हाती दिलेलेच नाही.

यात आपल्या धर्मग्रामाचाही थोडा वाटा आहे, म्हणून हे येथे लिहितो. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत अजूनही कित्येक घरांना सामाईक संडास आहेत. रात्री लहान मुलीला तेथवर नेणे आईला जमत नाही, आणि मूल दाबून ठेवायला शिकते. शाळेतही तेच. स्वच्छतागृह घाण असते म्हणून सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत लघवीला न जाणाऱ्या मुली आपल्या ओळखीत सर्वांच्या आहेत. त्या पाणीच पीत नाहीत. ज्या मुलाला रिफ्लक्स आहे त्याच्यासाठी ही सवय म्हणजे संसर्गाला आमंत्रण. पालकसभेत आपण निकाल, फी आणि वार्षिक संमेलन यांवर बोलतो. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, आणि तास चालू असताना मुलाला न हिणवता जाऊ देतात का, हे विचारणेही आजाऱ्यांच्या सेवेतच मोडते. शेजारच्या घरी असे मूल असेल तर सल्ला देण्याआधी एक रात्र औषधाची आठवण आपण करून द्यावी, किंवा तपासणीच्या दिवशी धाकट्याला सांभाळावे. आम्हाला एका शेजारणीने असेच दहा वेळा सांभाळून दिले, आणि ऑपरेशन योग्य की अयोग्य यावर तिने एक शब्द काढला नाही.

ऑपरेशन झाले म्हणून मुलीची फाईल बंद झालेली नाही. डाव्या बाजूचा जुना व्रण तसाच आहे. दरवर्षी तिचा रक्तदाब आणि लघवी तपासतो, आणि पुढे लग्नानंतर बाळंतपणाच्या वेळी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागेल. आता तिला फाईल स्वतः वाचता येते. मागच्या बाजूला लिहिलेल्या दोन ओळी तिने वाचल्या आणि त्यांतले अक्षर कोणाचे, असे विचारले. एक ओळ एकाच्या हाताची आहे, दुसरी दुसऱ्याच्या.

तिच्या पाठच्या भावाला कधी तसा ताप आलेला नाही. त्याला नळीची तपासणी करावी का, हा प्रश्न डॉक्टरांनी पुन्हा आमच्यापुढेच ठेवला. करणारेही असतात, न करणारेही. आम्ही त्याची सोनोग्राफी केली, ती ठीक आली. एमसीयू केली नाही. ताप आला की लघवी तपासायची, एवढे त्याच्या फाईलच्या मागे लिहिले आहे.